उत्तर: टोस्ट मऊ पडतात

पाहुण्यांसाठी आधी करून ठेवलेले टोस्ट ते येईस्तोवर मऊ पडतात, काय करावं, असा प्रश्न आलाय. तूप-लोणी न लावता पाव मंद तव्यावर कोरडाच भाजा नि जाळीवर गार करा. ताटलीत रचले की वाफेनं खालचे हमखास ओलावतात. गरम टोस्टवर सोललेली लसणाची पाकळी घासायची, ही मूळ इटालियन ब्रुशेटाची, म्हणजे भाजलेल्या पावावर टोमॅटो वगैरे घालून खातात त्या पदार्थाची युक्ती. खरखरीत पावावर पाकळी किसल्यासारखी झिजते.

वर टोमॅटोऐवजी आमच्या जळगावकडचं भरीत घाला. हिरवी वांगी काट्यांवर (वाळक्या काटक्यांवर) भाजून, मिरची-लसूण घालून बडगीत (ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचलेलं, वर कांद्याची पात नि शेंगदाणे. मिक्सरला लावू नका, लगदा होतो! भरीत मात्र वाढतानाच लावायचं. मागच्या हिवाळ्यात मी अर्धा तास आधी लावलं, तर सासूबाईंनी टोस्ट बाजूला सारून कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरीच मागितली.