मिसा रद्द करणाऱ्यांनी स्थानबद्धतेचे कायदे मुळातून का काढले नाहीत?

गोदाकाठ:
आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, पकडलेल्या अनेकांना आपल्या नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात ठेवले होते, हे येथील जुन्या पिढीला ठाऊक आहे. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता; स्थानबद्धता म्हणतात ती हीच. १९७७ साली मिसाबंद्यांचेच पक्ष केंद्रात सत्तेवर आले आणि पुढच्या वर्षी मिसा रद्द झाला. असे असताना राष्ट्रीय सुरक्षा कायदा, म्हणजे रासुका, आणि आपल्या राज्याचा एमपीडीए, म्हणजे झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती यांना स्थानबद्ध करण्याचा कायदा, आजही कसे टिकून आहेत? ‘सराईत गुन्हेगार एक वर्षासाठी स्थानबद्ध, नाशिकरोडला रवानगी’ ही बातमी आपण नेहमी वाचतो आणि त्यावर कोणताही पक्ष चकार शब्द काढत नाही. मग तेव्हाचा विरोध कायद्याला होता, की आपली माणसे आत गेली याला?

जुनी_फाईल:
प्रश्न रास्त आहे. मात्र त्याची सुरुवात मिसाच्याही आधी होते. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध देश पेटवणाऱ्या चळवळीतील नेत्यांनीच, राज्यघटना लागू होऊन जेमतेम महिना झाला असताना, फेब्रुवारी १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संमत केला. सरदार पटेलांनी मांडलेला हा कायदा एका वर्षापुरता होता, पण मुदतवाढ मिळत मिळत तो १९६९ अखेरपर्यंत चालला. त्याला कम्युनिस्ट आणि समाजवाद्यांप्रमाणेच श्यामाप्रसाद मुखर्जींनीही संसदेत विरोध केला होता, म्हणजे हा विरोध एका विचारसरणीची मिरास कधीच नव्हता.

जनता सरकारचे वर्तन अधिक बोलके आहे. मिसा रद्द करतानाच या सरकारने डिसेंबर १९७७ मध्ये स्थानबद्धतेची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत घालण्याचे विधेयक आणले आणि स्वपक्षीयांच्याच विरोधामुळे ते मागे घ्यावे लागले. काळाबाजार रोखण्यासाठी स्थानबद्धतेचा अध्यादेश काढला तो १९७९ मध्ये चरणसिंग सरकारने. इंदिरा गांधींनी १९८० साली रासुका आणला तेव्हा वाट आधीच मळलेली होती.

माझ्या मते खरी कसोटी ४४ व्या घटनादुरुस्तीच्या कलम ३ ची आहे. स्थानबद्धतेचे आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय कोणालाही दोन महिन्यांहून अधिक काळ स्थानबद्ध ठेवता येऊ नये, आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमले जावे, असे त्यात आहे. संसदेने ते १९७८ साली मंजूर केले, पण अंमलबजावणीची तारीख ठरवण्याचे काम केंद्र सरकारवर सोपवले. ती अधिसूचना आजवर निघालेली नाही. धनबादचे खासदार ए. के. रॉय रासुकाखाली स्थानबद्ध झाले, तेव्हा हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सरकारला तसा आदेश देण्यास न्यायालयाने नकार दिला. त्यानंतर सर्व रंगांची सरकारे येऊन गेली.

अंबडचा_लघुउद्योजक:
आपली मांडणी अभ्यासपूर्ण आहे, परंतु कारखान्याच्या फाटकावर हप्ता मागायला येणाऱ्याविरुद्ध फिर्याद द्यायला कोणी धजत नाही, हेही ध्यानात घ्यावे. दिली, तर तो आठवडाभरात जामिनावर सुटतो आणि पहिल्यांदा फिर्यादीच्याच दारात उभा राहतो. अशा माणसाला वर्षभर आत ठेवले तर आमच्या वसाहतीत कोणालाही वाईट वाटत नाही. राजकीय विरोधक आणि गावगुंड यांना एका मापाने मोजू नये.

वकील_नाशिक:
उद्योजक महोदय, ते माप एकच आहे आणि ते राममनोहर लोहियांच्या प्रकरणात ठरले. १९६५ साली पाटण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांनी त्यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करताना सांगितले की, कायदा व सुव्यवस्थेचा प्रत्येक भंग हा सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग ठरत नाही. आज हातभट्टीवाल्याच्या याचिकेतही आम्ही हाच निकाल पुढे करतो आणि त्यावर आदेश रद्दही होतात.

एमपीडीएचा आदेश कसा असतो, तेही पाहा. शेवटचा एखादा गुन्हा आणि ‘साक्षीदार अ’, ‘साक्षीदार ब’ यांचे गोपनीय जबाब एवढ्यावर बहुधा आदेश उभा राहतो. पोलीस आयुक्तांच्या आदेशाला बारा दिवसांत राज्य शासनाची मंजुरी लागते, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे जाते आणि त्या मंडळापुढे स्थानबद्धाला वकील देण्याचा हक्क नाही. ‘अ’ला उलटतपासणीत एकही प्रश्न विचारता येत नाही. मी बचाव पक्षाचे काम करतो, त्यामुळे माझे मत एकतर्फी समजावे. तरी ज्या गुन्ह्यावर आदेश निघाला, त्याचा खटला पुढे अनेकदा रखडतो, हे सरकारी वकीलही खाजगीत मान्य करतील.

अंबडचा_लघुउद्योजक:
लोहियांचा निकाल मान्य. पण मग आमच्या ‘साक्षीदार अ’ने उघड न्यायालयात उभे राहून नाव सांगावे, अशी आपली अपेक्षा आहे का? दुसऱ्या दिवशी त्याला त्याच रस्त्याने कामाला जायचे असते.

वकील_नाशिक:
होय, पण संरक्षणासह. राज्याने साक्षीदार संरक्षण व सुरक्षेचा स्वतंत्र कायदा २०१७ सालचा म्हणून केलेला आहे. तो एमपीडीएइतक्या तत्परतेने वापरावा, ही मागणी आपल्या उद्योजक संघटनेने पोलीस आयुक्तालयात लेखी द्यावी. मसुदा मी करून देईन.

गोदाकाठ:
त्या निवेदनासोबत कलम ३ ची अधिसूचना काढण्याचे दुसरे पत्र खासदारांना द्यावे, असे सुचवतो. त्यांच्या पक्षातील मिसाबंद्यांचा सत्कार दरवर्षी २५ जूनला, आणीबाणीच्या वर्षदिनी, होतो, तेव्हा त्याच दिवशी ते हातात द्यावे.