‘जिवाचा नांगर’ : आशा, भाव आणि भरवसा

विचारणा (नाशिकरोड) :
इब्री लोकांस पत्र 6:19 मध्ये ख्रिस्ती माणसाच्या आशेला ‘जिवाचा नांगर’ म्हटले आहे. आमच्या प्रार्थनासभेत निफाडकडच्या एका बागायतदार काकांनी हा शेतातला नांगर मानला आणि दुःखाने मन नांगरले गेल्यावरच आशा रुजते, असे विवेचन केले. शब्दाचा अर्थ खरोखर तोच आहे काय? शिवाय ‘यंदा पाऊस पडेल अशी आशा आहे’ असे म्हणताना आपण खात्री नसल्याचेच सुचवतो. मग त्या वचनात आशा ‘स्थिर व अढळ’ कशी?

उत्तर (शरणपूर रोड) :
विवेचन सुंदर असले तरी नांगर तो नव्हे. मराठीत दोन वेगळे शब्द उच्चाराने एक झाले आहेत. शेतीचा नांगर संस्कृत ‘लांगल’पासून आला, तर जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’पासून. नव्या करारात दोन्ही भेटतात. लूक 9:62 मध्ये नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याचा उल्लेख आहे, तो शेतातला. प्रेषितांची कृत्ये 27:29 मध्ये प्रेषित पौलाचे जहाज खडकांवर आदळू नये म्हणून खलाशी वरामावरून, म्हणजे जहाजाच्या मागच्या भागावरून, चार नांगर टाकतात, तो समुद्रातला. आणि इब्री लोकांस पत्रातला शब्द मूळ ग्रीकमध्ये हाच आहे. समुद्र न पाहिलेल्या गावात पहिला अर्थ आधी सुचावा, यात नवल नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात पुढे आहे. जहाजाचा नांगर खाली तळाशी रुततो. हा मात्र ‘पडद्याच्या आत’, म्हणजे मंदिरातल्या सर्वांत आतल्या, देवाच्या सान्निध्याच्या परमपवित्रस्थानात पोहोचतो, आणि तेथे येशू आपल्याकरिता अगोदरच गेला आहे, असे विसावे वचन सांगते. आशेची बळकटी आशा धरणाऱ्याच्या मनोधैर्यात नसून ती ज्याच्या ठायी रुतली आहे त्याच्यात आहे. पावसाच्या आशेला असा कोणी जामीन नसतो.

प्रतिवाद (त्र्यंबक रोड) :
परंतु आपल्या परंपरेत आशा हे बंधन मानले आहे. आशा ही माणसाची अजब बेडी असून तिने बांधलेले धावत सुटतात आणि मोकळे झालेले पांगळ्यासारखे स्थिर राहतात, असे सुभाषितच आहे. तेव्हा ‘भरवसा’ हा शब्द अधिक नेमका ठरला नसता काय?

उत्तर (शरणपूर रोड) :
सुभाषितातली आशा म्हणजे हाव. पौलाची आशा रोमकरांस पत्र 5:3-5 मध्ये संकट, धीर आणि कसोटीला उतरलेले शील या क्रमाने येते. ती मिळवण्याच्या धडपडीतून येत नाही. ‘भरवसा’ हा शब्द मराठी बायबलने टाकलेलाही नाही : इब्री 11:1 मध्ये विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा, असे तिन्ही शब्द एकत्र आले आहेत.

मला स्वतःला मात्र नीतिसूत्रे 3:5 मधील ‘परमेश्वरावर भाव ठेव’ हा प्रयोग अधिक जवळचा वाटतो. (लासलगावच्या बाजारातल्या भावाशी त्याचा संबंध जोडू नये, एवढीच विनंती.) ‘विश्वास बसणे’ ही पुराव्यानंतर आपोआप घडणारी गोष्ट आहे, तर ‘भाव ठेवणे’ ही माणसाने जाणूनबुजून करायची कृती आहे. म्हणूनच मार्क 9:24 मधला, मुलाला बरे करावे म्हणून येशूकडे आलेला बाप ‘माझा विश्वास आहे’ म्हणतो आणि त्याच दमात आपला अविश्वास घालवण्याची विनवणीही करतो, तरी येशू त्याला परत पाठवत नाही; त्याचा मुलगा बरा होतो.