ई८ आणि बाक्यांची युक्ती
"गणिताला कागद-पेन्सिल पुरते, एकत्र जमायचं कशाला?" असं विचारणाऱ्यांसाठी हे एकत्र केलेल्या कामाचं उदाहरण. ई८ हा एक ली ग्रुप, म्हणजे सलग बदलत जाणाऱ्या सममितींची गणिती रचना. त्याच्या रिप्रेझेंटेशन्ससाठी (त्या सममिती मॅट्रिक्सच्या रूपात मांडण्याच्या पद्धतींसाठी) 'अ‍ॅटलास' नावाच्या गणितज्ञांच्या चमूला ४,५३,०६० ओळी आणि तितक्याच स्तंभांचं कोष्टक भरायचं होतं, खणाखणात बहुपदी! ६४ गिगाबाइट मेमरीही तोकडी पडली. तेव्हा संख्या सिद्धांतातले गणितज्ञ नोम एल्कीस यांनी सुचवलं, अख्ख्या संख्या नकोत, भागाकाराच्या बाक्याच साठवा. मग २५१, २५३, २५५, २५६ हे भाजक घेतले (बाकी एका बाइटात मावते, म्हणून हे आकडे) आणि शेवटी बाक्या जुळवून बहुपदींचे खरे सहगुणक काढले. जानेवारी २००७ मध्ये काम संपलं. बाक्यांवरून संख्या शोधायची, म्हणजे आर्यभटाच्या कुट्टक पद्धतीचंच भावंड की हो!