सिंक लावलं म्हणजे बॅकअप झाला?

खडूसकाका: काल कोणीतरी ठोकून दिलंय, "दोन्ही मशीनवर सिंकथिंग (फोल्डरं आपोआप सारखी ठेवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि निर्धास्त झोपा, वेगळा बॅकअप कशाला?" दोन ओळींत भागेना म्हणून हा धागा. अहो, सिंक भलतंच आज्ञाधारक असतं! लॅपटॉपवर जागा नव्हती म्हणून मी 'जुने फोटो' उडवले, डेस्कटॉपवर आहेतच या भरवशावर. संध्याकाळी डेस्कटॉप लावला, तर फोल्डर डोळ्यांदेखत रिकामं होतंय. नेटची केबल उपटेपर्यंत निम्मे गेले. आरसिंक वापरा, कमांड देऊन फाइली कॉपी करणारं. एकाच दिशेने, हाताने. १९९६ पासूनचं आहे, खोड्या सगळ्या माहीत झाल्यात.

निवांत: ते लिहिणारा मीच. सिंकथिंगचं फाइल व्हर्जनिंग (उडालेल्या फाइलींच्या जुन्या प्रती ठेवणं) चालू असतं तर फोटो डेस्कटॉपवरच्या .एसटीव्हर्जन्स फोल्डरमध्ये सापडले असते. आणि तुमच्या आरसिंकचं काय? सोर्सच्या, म्हणजे जिथून कॉपी करायचं त्या फोल्डरच्या, नावाशेवटी एक स्लॅश जास्त पडला, फोल्डरऐवजी नुसता आतला माल गेला; सोबत --डिलीट (सोर्समध्ये नाही ते पलीकडून उडवणारं) होतं, माझ्या एक्स्टर्नल डिस्कवरची बाकीची सगळी फोल्डरं साफ.

खडूसकाका: आधी -एन लावून ड्राय रन, म्हणजे नुसती रंगीत तालीम, बघायचा असतो. आणि "चालू असतं तर" म्हणे! मुळात ते बंदच येतं.

रफार: तुमचं चालू द्या. माझ्या लिनक्सवर 'दऱ्या-डोंगर' होतं, जुन्या मॅकवरून त्याच नावाचं आरसिंक केलं, तर शेजारी दुसरं 'दऱ्या-डोंगर' उभं! अक्षर न् अक्षर सारखं. अर्धी रात्र घालवल्यावर कळलं, एकात 'ऱ' अखंड आहे, दुसऱ्यात 'र' आणि खालचा नुक्ता सुटे. जुन्या मॅकच्या डिस्कवरची फाइल सिस्टीम, एचएफएस प्लस, नावं अशी फोडूनच ठेवते.

निवांत: फोल्डरला इंग्रजी नाव द्यायचं, विषय संपला.

रफार: का म्हणून? माझी भाषा, माझं फोल्डर. उद्या 'वाऱ्यावरचे फोटो' नाव ठेवायलाही तुमची परवानगी काढू?

खडूसकाका: निवांत, हे अति झालं. रफार, आरसिंकला --आयकॉनव्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८ लावा, फोडलेली नावं जोडून पाठवेल; मॅकवरून पाठवताना ह्याच क्रमाने.

निवांत: बरं, चुकलं. पण सिंकथिंग ही नावं आपोआप जुळवतं, विचारा काकांना.

खडूसकाका: जुळवतं. नावांपुरतं शहाणं आहे, मान्य. फोटो मात्र माझेच गेले.

रफार: आयकॉनव्ह चाललं! आता दोनांतलं कोणतं उडवू? एकात जुने फोटो आहेत, दुसऱ्यात नवे.

निवांत: कोणतंही उडवा, फक्त काकांसारखं सिंक चालू ठेवून नको.