सुपरहिरो बघणाऱ्यांची अक्कल नववीत अडकते म्हणे

पार्टटाइम प्रेक्षक:
काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं की सुपरहिरो आणि सायफाय, म्हणजे विज्ञानकथेचे सिनेमे, बघणाऱ्यांची अक्कल नववीत अडकलेली असते, आणि खाली लोकांनी नुसता टाळ्यांचा पाऊस. रात्रभर डोक्यात तेच, म्हणून लिहितोय. मी फॅन वगैरे नाही हो, वर्षाला दोन-तीन, तेही पोरगा ओढून नेतो म्हणून. २०१९ ला अ‍ॅव्हेंजर्सच्या एंडगेमला गेलो तेव्हा आधीचे वीसेक सिनेमे बघितलेच नव्हते, कोण कुणाचा भाऊ, कोण मेलाय आणि कोण मेल्यासारखा आहे काही कळेना, तीन तास पोरगा कानात कॉमेंट्री करतोय आणि मागचे लोक शुक शुक करतायत. शेवटी तो लोखंडी सूटवाला गेला, पोरगं हमसून रडायला लागलं आणि ओळखदेख नसताना माझ्याही डोळ्यात पाणी. यात नववी कुठे आली?
तक्रार माझीही आहे, पण वेगळी. मी सोसायटीचा सेक्रेटरी. एक गच्ची गळते तर आमच्या तीन वार्षिक सभा होतात. इथे अख्खं न्यूयॉर्क पाडतात आणि पुढच्या सीनला हे हिरो शोरमा खात बसलेत! दुरुस्तीचा खर्च कुणाच्या माथी?

हल्कचा मावसभाऊ:
सेक्रेटरीसाहेब, याचं उत्तर २०१७ च्या स्पायडरमॅन होमकमिंगमध्ये आहे. सुरुवातच तिथून होते. तो मलबा उचलायचं काम एका साध्या ठेकेदाराला मिळालेलं असतं, त्याने माणसं लावलेली, गाड्या घेतलेल्या, आणि सरकारी खातं येऊन म्हणतं निघा, आता हे आम्ही बघणार. म्हणून तो व्हिलन होतो. बघायचं नाही आणि प्रश्न विचारायचे.

पार्टटाइम प्रेक्षक:
हे मला आधी कुणी का नाही सांगितलं??

न्यूटनचं सफरचंद:
कालची पोस्ट माझी नाही, पण टाळी माझी होती. तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. सुपरहिरोचं सोडा, ती जत्रा आहे. राग येतो तो स्वतःला सायन्स म्हणवणाऱ्यांचा. ग्रॅव्हिटी (२०१३) घ्या. बाई हबल दुर्बिणीपासून स्पेस स्टेशनपर्यंत सहकाऱ्याच्या पाठीवरच्या फवाऱ्यावर जातात, जणू ठाण्याहून मुलुंड. हबल तेव्हा साधारण साडेपाचशे किलोमीटरवर, स्टेशन ४०० च्या आसपास, आणि उंचीचं एक वेळ जाऊ द्या, विषुववृत्ताशी कक्षांचा कलच वेगळा, एकाचा साडेअठ्ठावीस अंश आणि दुसऱ्याचा जवळपास बावन्न. तो कल बदलायला जे इंधन लागतं ते पाठीवर मावत नाही. पोरं परीक्षेत हेच लिहितात मग.

रिकामटेकडा:
पण सर आपलं मंगळयान त्या सिनेमापेक्षा स्वस्तात गेलं 😎

न्यूटनचं सफरचंद:
आला तो व्हॉट्सअॅप. २०१४ पासून ऐकतोय.

बोटीवरचा:
सर, तुमचं गणित बरोबर असेल. मी मर्चंट नेव्हीत, आम्ही रत्नागिरीकडचे. इंटरस्टेलर मी केबिनमध्ये लॅपटॉपवर बघितला, कॉन्ट्रॅक्टचा सातवा महिना होता. ते पाण्याच्या ग्रहावर उतरतात, तिथला एक तास म्हणजे बाहेरची सात वर्षं, परत येतात तेव्हा तेवीस वर्षं गेलेली आणि तो बसून पोरांचे साठलेले मेसेज एकामागून एक बघतो. मी बोटीवर चढलो तेव्हा माझी मुलगी रांगत होती, उतरलो तेव्हा पळत होती आणि मला बघून आईच्या मागे लपली, काका म्हणाली. तेव्हा कक्षेचा कल वगैरे मला नका सांगू.

न्यूटनचं सफरचंद:
भाऊ, तुमच्याशी भांडण नाही. आणि वेळेचा तो हिशोब खोटाही नाही, भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न त्या सिनेमाचे सल्लागार होते, ज्यांना पुढे २०१७ चं नोबेल मिळालं. त्या ग्रहाजवळचं कृष्णविवर स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरत असेल तर तसं होऊ शकतं. पण शेवटी पुस्तकांच्या कपाटामागून बापाने मुलीला खुणा करायच्या, हे काय? आणि या कल्पनांसाठी हॉलिवूडच कशाला? नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कृष्णविवरावर कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने, नाव बघून बक्षीस नको म्हणून. पहिला नंबर आला. किती जणांनी वाचलीय इथल्या?

गडहिंग्लजची काकू:
मी वाचलीय. आता माझं ऐका, सिनेमा राहू दे बाजूला. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नातवाबरोबर तिला हे उडणारे लोक बघायचेत. एंडगेम आपल्याकडे इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगूत आला. २००७ चा तिसरा स्पायडरमॅन भोजपुरीतसुद्धा आला होता. मराठी कुठाय?

हल्कचा मावसभाऊ:
काकू, हिंदी कळतं की सगळ्यांना.

गडहिंग्लजची काकू:
तुला कळतं. आम्ही सीमेवरचे, आईला हिंदीपेक्षा कानडी बरं कळतं. आणि गंमत बघा, कर्नाटकात डबिंगला कित्येक वर्षं अघोषित बंदी होती, २०१५ ला स्पर्धा आयोगाने फटकारलं, आता तिकडे मोठे सिनेमे कानडीत येतात. म्हणजे माझी मराठी आई कानडीत बघू शकेल पण मराठीत नाही.

रिकामटेकडा:
मराठी डबिंग नकोच. "थांब दुष्टा, तुझा अंत समीप आला आहे" असलं ऐकायचं का? आणि कुठली मराठी? चुटकी वाजवून निम्मं जग मारणारा तो व्हिलन थानोस मालवणीत बोलला तर निम्मं जग हसूनच मरेल, चुटकी वाजवायला नको 😂

बोटीवरचा:
मालवणीला हसायचं कारण?

रिकामटेकडा:
अहो हसलो नाही, मी कुडाळचाच आहे.

सबटायटलवाली:
काकू, एक दुरुस्ती. २०२३ ला तो ॲनिमेशनवाला स्पायडर-व्हर्स दहा भाषांत आला, त्यात मराठी होती. मुंबईसारखं शहर आहे त्यात, प्रभाकर आडनावाचा स्पायडरमॅन आहे. मी शोधून शोधून दमले, आमच्या जवळपास मराठीचा एकही शो सापडला नाही, शेवटी इंग्रजीत बघितला. म्हणजे मराठीत करतात पण दाखवत नाहीत, आणि नंतर म्हणणार मराठी माणूस येतच नाही. आणि लिहून आलेलं का नाही वाचत कुणी? सबटायटल लावा, विषय संपला.

गडहिंग्लजची काकू:
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ती वाचणार कुठे? बाकी मराठीत आला होता हे मला माहीत नव्हतं, चुकलं माझं, घ्या. पण गडहिंग्लजला पोचला नाही तो आला काय अन् नाही काय.

न्यूटनचं सफरचंद:
विषय विज्ञानाचा होता.

सबटायटलवाली:
सर, तुमच्याशिवाय कुणाचाच नव्हता.

न्यूटनचं सफरचंद:
बरं. मग मी नववीत जाऊन बसतो. तिथे निदान कक्षा म्हणजे काय ते शिकवतात.

पार्टटाइम प्रेक्षक:
काल रात्री होमकमिंग बघितला. पोरगा म्हणतो तो ठेकेदार व्हिलन आहे. मी म्हटलं बाबा रे, चालू कामाचं कंत्राट असं मध्येच काढून घेतलं तर कुठलाही माणूस बिघडेल, आमच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला तर नुसती सही उशिरा मिळाली तरी तो आठवडाभर फोन उचलत नाही. शेवटी तो पंख लावून चोऱ्या करतो ते चूकच, पण सुरुवातीची पाच मिनिटं मी पूर्ण त्याच्या बाजूने होतो.

गडहिंग्लजची काकू:
कुठल्या भाषेत बघितलात?

पार्टटाइम प्रेक्षक:
हिंदीत.