मदत हवी आहे: अपहरण, कैद आणि सुटकेच्या कादंबऱ्या सुचवा

मंडळी, या विषयावरच्या चांगल्या कादंबऱ्या सुचवाल का? खंडणीचे फोन, पोलिसांची धावपळ, शेवटी गोळीबार असला मसाला नकोय, तो ढिगाने मिळतो. मला बंद दाराआडचं वाचायचंय.

उदाहरणार्थ एमा डोनह्यूची 'रूम' (2010). गोष्ट पाच वर्षांचा जॅक सांगतो आणि त्याच्या लेखी ती एक खोली म्हणजेच अख्खं जग. खाट, दिवा, कपाट यांच्याबद्दल तो घरच्या माणसांसारखं बोलतो. सुटका साधारण मध्यावरच होते आणि पुढे बाहेरच्या जगात जगायचं कसं, हा खरा झगडा सुरू होतो. मला हवंय ते हेच! बहुतेक लेखक सुटका झाली की पडदा पाडून मोकळे होतात.

जॉन फावल्सची 'द कलेक्टर' (1963) वाचलीय. आधी फुलपाखरं जमवणारा अपहरणकर्ता बोलतो, मग तेच दिवस त्याने कोंडलेल्या मिरांडाच्या डायरीतून दिसतात. तो स्वतःला सभ्य समजतो, याचीच जास्त भीती वाटते. स्टीफन किंगची 'मिझरी'सुद्धा झालीय.

कैदी आणि कोंडणारा यांच्यातलं गुंतागुंतीचं नातं चालेल, पण त्याची प्रेमकथा केलेली नको. छळाची रसभरीत वर्णनंही नकोत. मराठीत मूळ किंवा अनुवादित काही असेल तर आधी तेच सांगा. आणि हो, कोण सुटतं, कोण नाही, ते कृपया फोडू नका!