बारीक वाळू उपसा म्हणणाऱ्यांना उत्तर

पाणकावळा
रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळ आणि मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. परवा एकाने तिच्याबद्दल ठणकावून लिहिलं, "रीफ टँकमधली बारीक वाळू म्हणजे घाणीचं कोठार. नायट्रेट नको असेल तर सगळी उपसा, तळाची काच उघडी ठेवा." नायट्रेट म्हणजे उष्टं आणि विष्ठा कुजून शेवटी पाण्यात साठतं ते. खाली नवशिके "या रविवारीच काढतो" म्हणतायत, म्हणून लिहायला बसलो.

चालू टँकमधली जुनी वाळू एका बैठकीत उपसू नका. तळाशी ऑक्सिजन पोचत नाही तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठलेला असू शकतो. काचेलगत काळे पट्टे दिसत असतील तर जास्तच जपा. ढवळलं की तो आणि अडकलेला कचरा एकदम पाण्यात येतो, आणि अमोनिया पचवणारे जिवाणू नेमके त्याच वेळी बादलीतून बाहेर गेलेले असतात.

घाण साठते ती जास्त खायला घातल्याने, कोपऱ्यात प्रवाह न पोचल्याने आणि महिनोन्‌महिने तळाला हात न लावल्याने. थर इंच-दीड इंचच ठेवा. पाणी बदलताना दर वेळी तळाचा चौथा हिस्सा साफ करा, बाकीचा राहू द्या. "बारीक वाळू सायफनमधून निघून जाते" ही तक्रार तर मला पटतच नाही. नळीचं टोक वाळूच्या जरा वर धरा आणि दाणे चढायला लागले की बादलीकडची नळी अंगठ्याने दाबा. दाणे जड, ते लगेच खाली बसतात. तपकिरी कचरा नळीतच तरंगत राहतो. अंगठा सैल केला की तेवढाच निघून जातो.

वाळूत राहून उरलंसुरलं खाणाऱ्या नासारियस गोगलगायी ठेवा. वाळू चाळणारा तारामासा लहान टँकमध्ये आणू नका. वाळूतले जीव संपले की तो उपाशी मरतो, आणि दुकानात हे कोणी सांगत नाही.

उघडी काच
ते मीच लिहिलंय आणि आजही तेच म्हणेन. माझ्याकडे ॲक्रोपोरा आहेत, म्हणजे जोरदार प्रवाह लागणारे फांद्यांचे प्रवाळ. त्यांना लागतो तेवढा प्रवाह लावला की साखरेसारखी वाळू एका कोपऱ्यात ढीग होऊन बसते आणि उरलेली उडून प्रवाळांवर पडते. तुमचा इंच-दीड इंच आठवड्यात अर्ध्या तळावर शून्य आणि अर्ध्यावर तीन इंच होतो.

जुन्या टँकमध्ये सहा इंचांचा थर होता, जाड थराचा पुरस्कार करणारे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ रॉन शिमेक सांगायचे तसा. नायट्रेट उतरलं, नाही म्हणत नाही. शेवाळ वाढवणारं फॉस्फेट मात्र काही केल्या उतरेना. ॲरागोनाइट, म्हणजे रीफ टँकमध्ये घालतात ती कॅल्शियमची वाळू, फॉस्फेट धरून ठेवतं आणि पाण्यातलं कमी झालं की परत सोडतं. एवढं मोठं उत्तर लिहिलंत, त्यात याचा उल्लेखही नाही.

रीफताई
दोघेही विजेबद्दल बोलत नाही आहात. आमच्याकडे डोंबिवलीला उन्हाळ्यात रात्री वीज गेली की इन्व्हर्टरवर पाणी हलवणारा एकच वेव्हमेकर चालतो. जाड थरातले जिवाणूही ऑक्सिजन ओढतात. प्रवाह जेमतेम, वर गरम पाणी, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, हे मी पाहिलंय. त्यामुळे सहा इंच नकोच.

पण काच उघडी ठेवा म्हणणाऱ्यांनी माझ्या पिवळ्या रॅस माशाचं काय करायचं ते सांगावं. दिवे मंद झाले की तो डोकं खाली करून वाळूत घुसतो, क्षणात दिसेनासा होतो आणि रात्रभर तिथेच असतो. घाबरला तरी तेच. अशा माशाला उघड्या काचेवर ठेवणं हा छळ आहे.

देवगडवाला
वाद घाला, पण त्याआधी सांगा, "जिवंत वाळू"च्या, म्हणजे जिवाणूंसकट विकतात त्या वाळूच्या, पिशवीला दुकानदार मागतो ते पैसे द्यायचे कशासाठी? घरामागे समुद्र आहे. किनाऱ्यावरची वाळू धुऊन घातलीय, मासे मजेत आहेत. व्हिनेगर टाकलं तर फेस येतो, म्हणजे कॅल्शियमचीच आहे. वर बफर फुकट, पीएच टिकवायला वेगळं काही नको.

पाणकावळा
दादा, फेस शिंपल्यांच्या चुऱ्याला येतो. उरलेली वाळू बहुतेक क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी. आणि बफरचं म्हणाल तर रीफच्या 8.1 ते 8.3 पीएचला अस्सल ॲरागोनाइटसुद्धा विरघळत नाही. क्षारता (अल्कलिनिटी) टिकते ती डोसिंगने, म्हणजे रसायनं मोजून घातल्याने. शिवाय रत्नागिरी पट्ट्यातली काळी वाळू म्हणजे इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, लोहाची खनिजं. ते दाणे काच पुसायच्या चुंबकाला चिकटले की एका फटक्यात ओरखडा.

देवगडवाला
काळी वाळू मी घेतलीच नाही, पांढरी घेतली. आणि क्वार्ट्झ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक सांगावं, क्वार्ट्झ विरघळतं का? "सिलिकेट सुटून तपकिरी शेवाळ येतं" हे सगळे एकमेकांचं ऐकून म्हणतात. नव्या टँकमध्ये डायटम, म्हणजे तेच तपकिरी शेवाळ, पिशवीच्या वाळूवरही येतातच. कोकणातलं ते घाण आणि बहामाहून आलेलं ते शुद्ध, हा हिशोब मला मान्य नाही.

समुद्रपक्षी
सिलिकेटचं राहू द्या. तुम्ही किनारा उचलून घरी नेताय. किनारा नियमन क्षेत्रात वाळू उपसायला बंदी आहे, ती अधिसूचना 1991 पासूनची. आज तुमची पिशवी, उद्या हे वाचून आणखी शंभर जणांच्या पिशव्या. परवा कोणीतरी मालवणहून "मेलेला" प्रवाळाचा तुकडा आणेल. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत असो की मेलेला, गुन्हाच.

देवगडवाला
प्रवाळाचा विषय मी काढला का? ड्रेजर लावून रात्रीत खाड्या उपसणारे मोकळे, आणि बादलीभर वाळू आणणारा मी गुन्हेगार! मुंबईत बसून आम्हाला किनारा जपायला शिकवू नका. आमच्या घरात तीन पिढ्या होड्या आहेत.

समुद्रपक्षी
मी मुंबईत नाही, वेंगुर्ल्याला आहे. माझेही वडील रापणीला जायचे. ड्रेजरवाल्यांवर तुमच्याइतकाच माझाही राग आहे. म्हणून तर बादलीचंही समर्थन करवत नाही.

रीफताई
कायद्याचं झालं, आता माशांचं बोला. दर पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला डांबराचे गोळे लागतात. बोटीवरचं तेल. त्याचे बारीक कण वाळूत मिसळले की तुमच्या धुण्याने जाणार आहेत का? क्वार्ट्झ विरघळत नाही हे तुमचं बरोबर आहे. मला भीती वाळूची नाही, तिच्याबरोबर येणाऱ्या गोष्टींची आहे.

देवगडवाला
डांबराचं खरं आहे. जूनमध्ये पाय काळे होतात. ठीक, परत आणणार नाही. पण त्या पिशवीचा भाव लूट आहे, हे माझं म्हणणं कायम.

पाणकावळा
भावाबद्दल तुमच्याशी भांडण नाही. पिशवीत पाणी घालून विकतात आणि वजन पाण्यासकट लावतात. कोरडी ॲरागोनाइट घ्या, धुवा, आणि चालत्या टँकमधली मूठभर वाळू मित्राकडून आणून वर पसरा. महिना-दोन महिन्यांत ती जिवंत होते.

मूळ मुद्द्याकडे येतो. फॉस्फेटबद्दल उघडी काच यांचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. पण ते धरून ठेवणं दोन्ही बाजूंनी चालतं, पाण्यातलं संपायला लागलं की वाळू परत सोडते. फॉस्फेट आणि नायट्रेट शून्यावर आणून बसणाऱ्यांच्याच टँकमध्ये डायनो (डायनोफ्लॅजेलेट, चिकट तपकिरी थर धरणारे सूक्ष्मजीव) माजतात. आणि फॉस्फेट नुसत्या वाळूत साठत नाही. तुमच्या खडकांमध्येही साठतं. ते कुठे उपसणार?

उघडी काच
खडक मी कमीच ठेवलेत. आणि रीफताई, तुमच्या रॅससाठी काचेच्या पसरट डब्यात तीन इंच बारीक वाळू घालून ती कोपऱ्यात ठेवा. मासा आपणहून शोधतो. घाण झाली की डबा उचलायचा, धुवायचा, परत ठेवायचा. अख्ख्या तळाला वाळू लागत नाही.

रीफताई
डब्याचं पाहते. पण माझ्याकडे दोन रॅस आहेत आणि ते एकमेकांना उभे करत नाहीत. मोकळी वाळू राहणारच.

उघडी काच
दोन डबे ठेवा. आणि पाणकावळा, "सगळी उपसा" या ओळीत "टप्प्याटप्प्याने, दर पाणीबदलाला एक पट्टा" एवढं घालतो. रविवारी काढणाऱ्यांनी ते वाचावं. काढायची मात्र सगळी.